हरी सरांनी सोडलेला भात

वरचीवाडी, मालगुंडजवळ
१५ ऑक्टोबर २०२४

ती. वन्संना मालनचा नमस्कार.

फोनवर तुम्हांला ऐकू येत नाही. तुमच्या सर्वेशने मध्ये बसून तुमच्या कानात ओरडायचं म्हटलं तर आमच्या घरातली गोष्ट अख्ख्या गुहागरला कळेल. म्हणून कागद घेऊन बसले. तुम्हांला लागतं तसं मोठ्या अक्षरात लिहिते आहे.

तुमच्या भावाने भात सोडला आहे. हसू नका, सगळं वाचा.

शिमग्याला पालखी आमच्या अंगणात आली. काशीरामभाऊ मानकरी गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. आमचं गाऱ्हाणं दरवर्षी तेच असतं, आंबा येऊ दे, माणसं सुखी राहू दे. यंदा हे मध्येच पुढे झाले आणि म्हणाले, "काशीराम, आनखी येक घाल. माज्या शाळेच्या पोरी बेसबॉलचा येक सामना जिंकेपरयंत हरिश्चंद्र भाताला शिवनार नाय." काशीरामभाऊंनी आधी बेसबॉल म्हणजे काय ते देवाला समजावून सांगितलं. त्यांना स्वतःला ठाऊक नाही, त्यामुळे वेळ लागला. मग गाऱ्हाणं घातलं आणि सगळ्या वाडीने "व्हय म्हाराजा" म्हटलं. वन्सं, मीसुद्धा म्हटलं. सवयीने तोंडातून गेलं. त्यानंतर मला झोप आली असेल तर शपथ.

तेव्हा वाटलं होतं, जिंकतील कधीतरी पोरी. पण आमच्या पोरी जिंकत नाहीत. एके काळी ह्यांनी टाकलेल्या बॉलला बॅट लावून दाखवा म्हणून लोक पैज मारायचे, देशाच्या संघातून खेळून आलेला माणूस, आणि कंपनीची नोकरी सोडून गावच्या हायस्कुलात येऊन शिकवतो आहे तर पोरी नुसत्या हरतात. शिकवायची रीत तुम्हांला सांगते, म्हणजे कळेल. बॉलऐवजी सुपाऱ्या टाकतात आणि पोरींनी त्या काठीने मारायच्या. म्हणे सुपारी मारता आली की बॉल भोपळ्याएवढा दिसतो. सुपाऱ्या कुठल्या? शेजारच्या लवूभाऊंनी खळ्यात वाळत घातलेल्या. सामन्याआधी होम प्लेटला, म्हणजे जिथे उभं राहून बॅट मारतात त्या जागेला, गाऱ्हाणं घालतात आणि नारळ फोडतात. पंच तक्रार करायला आला की त्याच्या हातात खोबरं ठेवतात. मे महिन्यात एका लग्नात पंगतीला बसले असताना ह्यांच्या कानाला डास चावला. ह्यांनी कान ओढला मात्र, पंगतीतल्या चार पोरी पानावरून उठून धावत सुटल्या. कान ओढला की पुढच्या बेसकडे, म्हणजे पुढच्या थांब्याकडे, पळायचं, अशी खूण आहे. नवरीची आई अजून माझ्याशी बोलत नाही.

लोकांना मजा वाटते. माझ्या घरात काय चाललं आहे ते कोण बघतं? भात नाही म्हणजे भाकरी तरी चालेल म्हटलं, तर तांदळाची भाकरीही नाही. घावणे नाहीत. काशीरामभाऊंना विचारून आले, ते म्हणाले, तांदूळ तो तांदूळ. गणपतीत मोदक फोडून आतलं सारण खाल्लं आणि पारी गाईला घातली. नाचणी कशीबशी गिळतात. अंग उतरलं आहे. घाटीच्या पायऱ्या चढताना चार ठिकाणी थांबतात आणि थांबलो नाही, समुद्र बघत होतो, असं सांगतात.

तुम्ही मोठ्या. आईच्या मागे तुम्हीच त्यांना वाढवलंत. माझं ऐकत नाहीत, तुमचं ऐकतील. चार ओळी लिहा, वेडेपणा सोड आणि जेव म्हणून. मी पाया पडते.

तुमची मालन

*

गुहागर
२२ ऑक्टोबर २०२४

चि. मालन, अनेक आशीर्वाद.

अगो, हसू नका म्हणतेस आणि असलं लिहितेस! मी एकटीच हसत बसले तर सर्वेश धावत आला, आईला काय झालं म्हणून. संध्याकाळी भजनाला बायका जमल्या, त्यांना पत्र वाचून दाखवलं. ते लग्नातलं तर दोनदा वाचायला लावलं. विचारत होत्या, पुढचं पत्र कधी येणार?

तू उगाच घाबरतेस. आमचा हरी जन्मापासून असाच आहे. डाव्या हाताने जेवतो म्हणून आईने एकदा हातावर पळी मारली, तर गडी दोन दिवस उपाशी. शेवटी आईनेच ताट फिरवून भाजी डावीकडे वाढली आणि म्हणाली, जेव बाबा, तुझ्या हाताने जेव. तेव्हा कुठे जेवला. त्याला मोडायला जाऊ नये. आणि भात सोडल्याने माणसाचं वाईट होत नाही. इथल्या चिमाच्या नवऱ्याला तर डॉक्टरनेच सोडायला लावला, साखर उतरली.

तू लिही म्हणालीस म्हणून मी हरीला लिहिलं आहे. चार ओळी नाही, चांगली दोन पानं. लिहिलं की बाबा, पोरींसाठी एवढं कोण करतं? आपल्या घरात देवापुढे दिलेला शब्द आजवर कोणी मागे घेतला नाही, तूही घेऊ नकोस, देव यश देईल. बघ, कसा खूश होईल.

आणखी गमती झाल्या तर कळव.

विमला

*

वरचीवाडी
६ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

तुमचं पत्र ह्यांनी देव्हाऱ्यात ठेवलं आहे. रोज सकाळी उदबत्ती ओवाळतात आणि मला वाचून दाखवतात, "बग, ताई काय म्हनते." मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी आहे.

चूक माझी. मी तुमच्यापासून लपवलं. ह्यांनी माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून शपथ घ्यायला लावली होती की ताईला कळता कामा नये. आता ती शपथ मोडते आहे. जे व्हायचं असेल ते होवो.

गणपती गेले आणि दोन दिवस उघडीप मिळाली, तेव्हा हे पोरींना घेऊन सड्यावरच्या मोकळ्या माळावर गेले होते. धावता धावता छाती धरून कातळावर आडवे पडले. आणि पोरींनी काय केलं ठाऊक आहे? सगळ्या त्यांच्या शेजारी तशाच छातीवर हात ठेवून आडव्या पडल्या. त्यांना वाटलं, सरांनी नवीन व्यायाम काढला. बराच वेळ अशा पडून होत्या. मग आरोहीने, ती आमची बॉल टाकणारी पिचर, हळूच बघितलं तर सरांचे ओठ निळे. ही गोष्ट तुमच्या भजनात वाचून दाखवा.

शुद्धीवर येऊन पोरींना म्हणाले, छान केलात, उद्या परत करू. पोरींना अजून खरं ठाऊक नाही.

मी रत्नागिरीला नेलं, तिथून कोल्हापूरला. हृदयाच्या तिन्ही नळ्या तुंबल्या आहेत. कोल्हापूरचे डॉक्टर म्हणाले, बायपास ताबडतोब करायला हवी, उशीर करू नका, पुढचा झटका दवाखान्यापर्यंत पोचू देणार नाही. हे त्यांना म्हणाले, "येक सामना जिंकू द्या साहेब, मग कापा." डॉक्टरांना वाटलं थट्टा करतात. ते हसले. सगळे हसतात, वन्सं. माझा नवरा मरायला टेकला आहे आणि त्याच्याकडे बघून माणसं हसतात.

आता ते म्हणतात, देवाला शब्द दिला तो पुरा झाल्याशिवाय टेबलावर झोपणार नाही, कारण टेबलावरून उठलो नाही तर शब्द राहील. मी रडले, भांडले, जेवण टाकलं. काशीरामभाऊंकडे जाऊन म्हटलं, गाऱ्हाणं परत घ्या. ते म्हणाले, "ज्यानं बोललान त्यानंच सोडवायचा, वयनी. तुमी आमी काय करनार?"

म्हणून आता जे मागते आहे ते वाचून मला काय म्हणायचं ते म्हणा. येत्या अठ्ठावीस तारखेला लांज्याला आमच्या पोरींचा सामना सर्वेश शिकवतो त्या शाळेच्या पोरींशी आहे. सर्वेश तुमचा मुलगा आहे. ह्यांचा भाचा आहे. त्याला सांगा, हरायला. एकच सामना. त्याच्या पोरी पुढच्या वर्षी पुन्हा जिंकतील. मला पुढचं वर्ष नाही.

मालन

*

गुहागर
१३ नोव्हेंबर २०२४

मालन,

मी हसले. माझा भाऊ मरणाशी खेळतो आहे आणि मी बायका जमवून हसले. मला क्षमा कर म्हणायचंही तोंड नाही.

पत्र वाचल्यावर लगेच हरीला दुसरं लिहिलं, आधीचं सगळं विसर, आधी भात खा, आधी कोल्हापूरला जा. त्याचं कार्ड उलट टपाली आलं: "ताई, पहिलं पत्र तुझं होतं. दुसरं मालनने तुझ्या नावाने लिहिलेलं दिसतं. तिला सांग, अक्षर बरं काढलंस." काय करावं ह्या माणसाचं!

सर्वेशला तुझं पत्र वाचायला दिलं. वाचून उठला आणि बाहेर निघून गेला. परत आला तो माझ्यावर ओरडला. मला अर्धंच ऐकू आलं, पण चेहऱ्यावरून सगळं कळलं. म्हणाला, मामाने मला खेळ शिकवला. एकदा मी बाद नसताना पंचाने बाद दिलं तर मामा गप्प बसला, आणि बाद असताना नाबाद दिलं तर त्याने मला मैदानातून कानाला धरून बाहेर काढलं. त्या माणसाशी मी हे करू? दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. आणि त्याच्या पोरींना काय सांगायचं? त्या वर्षभर राबल्या आहेत.

तिसऱ्या दिवशी चहा घेऊन माझ्या पुढ्यात बसला. मोठ्याने, मला ऐकू येईल असं म्हणाला, "मामा राहिला तर मामा शिव्या तरी देईल." त्याने पोरींना खरं सांगितलं आहे, आणि बाहेर बोलायचं नाही म्हणून बजावलं आहे.

तू तोंडावर काही दाखवू नकोस. नेहमीसारखी बस. तुझ्या आशेवर मीही दिवस काढते आहे.

विमला

*

वरचीवाडी
२९ नोव्हेंबर २०२४

वन्सं,

सर्वेशने सांगितलं असेलच. तरी लिहिते, लिहिल्याशिवाय मला श्वास येणार नाही.

मी लांज्याला गेले होते. आजवर एकही सामना बघितला नव्हता, म्हणून ह्यांना संशय यायला हवा होता, पण ते खूश झाले. मैदानावर नेहमीचं गाऱ्हाणं झालं, नारळ फुटला, पंचांनी मुकाट खोबरं खाल्लं. ह्यांच्या हातात टॉवेल, डोक्याला उलटी टोपी. दर थोड्या वेळाने टॉवेल छातीशी दाबत होते. लोकांना वाटत होतं, ही पण खूण.

सर्वेशच्या पोरींनी सुरुवातीला बरोबरीचं खेळून दाखवलं. मग बॉल त्यांच्या पायांतून जायला लागले. आमच्या पोरी धावत होत्या, किंचाळत होत्या. संस्कृती, आमची कॅचर, रन काढून आली ती रडतच माझ्या गळ्यात पडली. शेवटची इनिंग, आम्ही दोन रनने पुढे. मी पदर तोंडात धरून बसले होते. मनात म्हणत होते, देवा, आणखी थोडा वेळ, आणखी थोडा वेळ दुसरीकडे बघ.

आणि हे उठले. मैदानात चालत गेले. त्यांनी एकदा सर्वेशच्या पहिल्या बेसवरच्या मुलीकडे बघितलं, मृणाली तिचं नाव, आणि एकदा सर्वेशकडे. मग पंचांपुढे जाऊन दोन्ही हात वर केले. "सायेब, आमी सामना सोडला."

पंच म्हणाले, अहो, तुम्ही जिंकताय. हे म्हणाले, "तेच तर."

सगळं मैदान हसत सुटलं. कोणीतरी शिट्टी मारली. आज रत्नागिरीच्या पेपरात कोपऱ्यात छापून आलं आहे, जिंकणारा सामना सोडणारे विनोदी प्रशिक्षक. विनोदी! आमच्या पोरी मैदानात उभ्याच्या उभ्या राहिल्या. आरोहीने हातातला ग्लोव्ह जमिनीवर आपटला. हसणाऱ्या माणसांच्या मध्ये मी एकटी रडत होते आणि शेजारची बाई मला म्हणाली, एवढं काय, खेळ आहे.

परत येताना हातखंब्याला चहाला थांबलो. वडा मागवला आणि खाल्ला नाही. मग म्हणाले, "त्या पोरीचे डोळे बॉलवर नव्हते गो, सर्वेशवर होते. सर्वेशला मी शिकवलाय, तो असा आपणहून करनार नाय. तू सांगितलंस?"

मी हो म्हटलं.

म्हणाले, "मला विचारायचं होतंस."

मी म्हटलं, विचारलं असतं तर?

"नको म्हनालो असतो." मग माझ्या बशीत स्वतःचा वडा ठेवला. रागावले असते तर बरं झालं असतं.

आता माझ्याकडे काही उरलं नाही.

मालन

*

वरचीवाडी
२ डिसेंबर २०२४

ताई,

सर्वेशला सांग, मामा रागावलेला नाही. पण हरायचं नाटक फार वाईट वठवलं. पायांतून बॉल सोडताना गुडघे थोडे तरी वाकवायचे असतात. मी शिकवलेल्या मुलाला एवढं कळू नये?

तुम्ही दोघी मला वेडा समजता. ऐक. चार वर्षं ह्या पोरी हरतात. घरी गेल्या की बाप विचारतो, आज कितीने? आरोहीचा बाप तर तिचं नाव काढून घ्यायला आला होता. मी पोरींना रोज सांगायचो, मनापासून खेळा. एकदा संस्कृती म्हणाली, "सर, तुमचं काय जातं? तुमी जिंकून मोकळे झालात." खरं होतं ते. मग मला जे सगळ्यांत आवडतं ते मी देवापुढे ठेवलं. त्या वेळी छातीचं काही ठाऊक नव्हतं. ठाऊक झालं म्हणून शब्द फिरवला तर पोरी काय शिकतील? सरांवर आलं की सर पण पळतात.

पण खोटं जिंकवलं तर त्याहून वाईट शिकतील. म्हणून सोडला सामना. मालनला दुःख झालं, ते मला दिसतं. माझी काळजी करू नकोस. मार्गशीर्षात हवा चांगली असते.

हरी

*

गुहागर
६ डिसेंबर २०२४

हरी,

मी तुझ्याहून मोठी. तरी तुझ्या पाया पडते. पोरी काय शिकतील ते तू बघत बसलास, मालनचं काय होईल ते बघितलंस का? तुम्हांला मूलबाळ नाही. तू गेलास तर त्या घरात ती आणि देव्हाऱ्यातलं माझं ते मेलं पत्र, एवढंच राहील. ते पत्र फाड. मी लिहिलं, मी सांगते, फाड.

आता पोस्टमन दिसला की मी आत देवापुढे जाऊन बसते. एवढंच लिहिते.

ताई

*

वरचीवाडी
१३ डिसेंबर २०२४

वन्सं,

घाईत लिहिते आहे. उद्या पहाटेच्या गाडीने कोल्हापूरला निघतो आहोत. हो, निघतो आहोत. मी नाही, तुम्ही नाही, देवानेही नाही, हे पोरींनी केलं.

लांज्याला नळावर पाणी पिताना सर्वेशच्या एका मुलीने आरोहीला सांगून टाकलं, तुमचे सर आजारी आहेत, जिंकल्याशिवाय ऑपरेशन करत नाहीत, म्हणून आम्ही हरत होतो. आरोहीने आठवडाभर ते मनातच ठेवलं. मग बाकीच्या पोरींना सांगितलं.

मंगळवारी सकाळी सगळ्या संघाने अंगणात रांग लावली. आरोही पुढे झाली. "सर, आमी काल देवळात जाऊन आलाव. काशीरामकाकांकडून गाऱ्हानं घालून घेतलं. तुमी ऑपरेशनला जाईपरयंत आमी पन भाताला शिवनार नाय."

हे ओरडले. शाळेत जा, म्हणाले. वेड लागलंय का, म्हणाले. मग कान ओढला. वन्सं, त्यांनी कान ओढला आणि एकही पोरगी हलली नाही. पुन्हा ओढला. वैष्णवी सगळ्यांत धाकटी, तिचा पाय उचललेला मी बघितला, पण संस्कृतीने तिचा हात धरून ठेवला.

दुपारपर्यंत आयांची रीघ लागली. पोरींचे डबे तसेच परत जात होते. एक म्हणते, तुमच्या नवऱ्याने पोरी बिघडवल्या. दुसरी म्हणते, माझी मुलगी घावणेसुद्धा खात नाही, तांदूळ तो तांदूळ म्हणते. मी कोणाकोणाला काय सांगणार? मला हसू आलं आणि हसता हसता मी ओट्यावर बसून मोठ्याने रडले. मग त्यांना सगळं सांगितलं. त्या निघून गेल्या, आणि संध्याकाळी त्यांच्याकडून नाचणीच्या भाकऱ्या आल्या. आमच्यासाठी नाही, सगळ्या पोरींनी एकत्र बसून खाव्या म्हणून.

दोन दिवस हे हटले नाहीत. पोरीही हटल्या नाहीत. काल सरावाला सड्यावर गेले, मी मागून गेले. धावता धावता वैष्णवी दुसऱ्या बेसच्या जागी ठेवलेल्या चिऱ्यावर मटकन बसली. म्हणाली, काही नाही सर, गरगरलं. हे तिच्यापाशी गेले, खाली वाकले, आणि त्यांनाही उठता येईना. दोघं त्या चिऱ्यावर बसून राहिली. बऱ्याच वेळाने माझ्याकडे न बघता म्हणाले, "मालन, गाडी सांग."

वर लगेच म्हणाले, "ऑपरेशनला जातो ता पोरींसाठी. पन भात नाय. देवाला भाताचा शब्द दिलाय, तो हाय तसा हाय." मी म्हटलं, असू दे. आधी चला.

बावीस तारखेला पोरींचा रत्नागिरीला सामना आहे, चिपळूणकडच्या शाळेशी. सर कोणी नाही. सर्वेश जाईल का असं विचारायला मला लाज वाटते, तरी विचारते.

मालन

*

गुहागर
१८ डिसेंबर २०२४

मालन,

सर्वेश जातो आहे. विचारायची गरज नव्हती, त्याने आधीच शाळेत रजा टाकली होती. काल तुमच्या सड्यावर जाऊन आला. म्हणतो, मामाच्या पोरी वाईट नाहीत, फक्त त्यांना हरायची सवय झाली आहे. आणि ह्या वेळी खरं खेळायचं, समोरच्यांशी कसलंही बोलणं नाही. मीही म्हटलं, नाही. पुन्हा तसं नको.

मीसुद्धा जाणार आहे. ऐकू येत नसलं तरी दिसतं मला.

ऑपरेशन झालं एवढं तुझ्या फोनवरून सर्वेशने सांगितलं. पण तू रडत होतीस असंही म्हणाला. झालं ना नीट? मग रडायचं काय? खरं काय ते लिही. आता माझ्यापासून काही लपवू नकोस.

विमला

*

कोल्हापूर
२४ डिसेंबर २०२४

वन्सं,

लपवत नाही. ऑपरेशन नीट झालं. त्यानंतरच जास्त घाबरले.

त्यांच्या पोटात काही ठरेना. नाचणीची पेज उलटली, गव्हाची लापशी उलटली. शहाळ्याचं पाणी तेवढं. डॉक्टर म्हणाले, मऊ भात द्या, तांदळाची पेज द्या, अंगात शक्ती नाही तर जखम भरायची कशी? इथल्या स्वयंपाकघरातून रोज पेज यायची आणि हे तोंड भिंतीकडे करायचे. हात काडीसारखे झाले. नर्स माझ्यावर चिडायची, घरचं काही वैर आहे का म्हणून. मी तिला काय सांगू, बेसबॉल? रोज थोडे थोडे कमी होत होते. मी बाकावर बसून बघत होते. एवढं सगळं करून, कापून, शिवून, माझा माणूस एका वाटी पेजेवरून जाणार होता.

मग परवा सर्वेशचा फोन आला. तुम्ही मैदानावर होतात, तुम्हांला ठाऊक आहे. त्याचा आवाज ऐकल्यावरच मला कळलं. आरोहीने फोन घेतला, तिला बोलता येईना.

मी तोंड धुतलं. केस नीट केले. आत गेले आणि म्हटलं, "अहो, जिंकल्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. खूप वेळ बघितलं, वन्सं. कितीने म्हणून विचारलं नाही. कोणी रन काढले, आरोहीने कसं टाकलं, काही नाही. मला वाटलं, आता चेहऱ्यावरून ओळखतील. तेवढ्यात म्हणाले, "आन."

मी वाटी पुढे केली. चमच्याने भरवायला गेले, तर नको म्हणाले. स्वतःच्या डाव्या हाताने खाल्ली. अर्धी चादरीवर सांडली, पण वाटी पुसून खाल्ली. मी पाणी दिलं. मग मला विचारलं, "किती रननी हरल्या?"

मी पेला खाली ठेवला. मी म्हटलं, एका. खऱ्या सामन्यात पोरी आजवर इतक्या जवळ आल्या नव्हत्या.

"येका?" म्हणाले. "खरंच येका?" आणि त्याच खरकट्या हाताने डोळे झाकून रडायला लागले. छातीचे टाके ताणत होते म्हणून मी त्यांचे खांदे धरून बसले. मीही रडत होते. नर्स धावत आली आणि आम्हांला बघून परत गेली.

थांबल्यावर मी विचारलं, ठाऊक होतं तर खाल्लंत कशाला? देवाला दिलेला शब्द?

म्हणाले, "देवाला काय ता मी सांगीन गो. तो आयकेल. तुला काय सांगनार होतो?"

काल दोन वेळा पेज घेतली. आज सकाळी वरून मेतकूट मागितलं.

तुमची मालन